कॅम्पिंगची तारीख जंगल ठरवतं

थंडी पडायला लागली की मला ठरलेला मेसेज येतो: "दादा, लाँग वीकेंड आहे, जंगलात टेंट टाकायचाय, कुठे जाऊ?" म्हणजे तारीख आधी पक्की, जंगल नंतर. माझं म्हणणं आहे, हे उलटं करा. आपल्या महाराष्ट्रातली जंगलं एकसारखी नाहीत. एका रानात जो महिना झकास, त्याच महिन्यात दुसऱ्या रानात जाऊच नये असं असतं.

आधी सह्याद्री. भीमाशंकर, कोयना, आंबोली. इथलं रान सदाहरित, निमसदाहरित. जांभूळ, अंजन, हिरडा. झाडं एकदम सगळी पानं टाकत नाहीत, त्यामुळे खाली सावली आणि ओल टिकून राहते. भीमाशंकरला शेकरू दिसतो तो याच दाटीमुळे, जमिनीवर न उतरता या झाडावरून त्या झाडावर. पावसाळ्यात इथे कुजलेल्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट चमकते. बघायला जरूर जा, पण मुक्काम गावातल्या घरात करा. जळवा आणि चिखलात टेंट म्हणजे हौस नाही, शिक्षा आहे. टेंटसाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. तेव्हाही दव पडतं, आणि टेंट घट्ट बंद केला तर आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर जमते. वरची जाळी उघडी ठेवा. थोडी थंडी वाजेल, पण कोरडे राहाल.

आता विदर्भ. इथे गणित पूर्ण बदलतं. मेळघाटात साग, ऐन, तेंदू, मोह, बांबू, म्हणजे पानगळीचं रान. चांगले दिवस दिवाळीनंतर ते जानेवारी. चिखलदऱ्याच्या उंचीवर थंडी चांगलीच बोचते, स्लीपिंग बॅगमध्ये काटकसर नको. पुढे साग पानं टाकतो. सागाचं पान जेवणाच्या ताटाएवढं, आणि वाळलं की पापडासारखं. असा थर सगळ्या जंगलभर पसरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, फोटो भारी येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत एक ठिणगी पुरते.

म्हणून फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत या रानात शेकोटी नाही. "छोटीशीच करू" हेही नाही. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आता माझ्या आवडीची गोष्ट सांगतो. जंगलातल्या आगी उपग्रहावरून टिपल्या जातात आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्याचे अलर्ट पाठवते. त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवलं तर आपल्यालाही एसएमएस येतो. पण यातल्या एका सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३७५ मीटरचा, आणि उपग्रह दिवसातून काही वेळाच डोक्यावरून जातो. म्हणजे अलर्ट येईपर्यंत आग पुढे सरकलेली असू शकते. ती विझवायला झाडाच्या डहाळ्या घेऊन धावतात ते वनरक्षक आणि गावकरी. आपण तोवर गाडीत बसून निघालेलो असतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. पहाटे गावातल्या बायका-पोरं ती वेचतात, ती त्यांची वर्षाची कमाई असते. आणि अस्वलालाही मोह फार आवडतो. मोहाखाली सपाट, स्वच्छ जागा दिसली म्हणून तिथे टेंट टाकू नका, एवढंच सांगतो.

तिसरा मोसम काजव्यांचा. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. हिरडा, बेहडा, सादडा असली झाडं अख्खी लुकलुकतात. हा उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांशी बोलणं. जेमतेम काही दिवसांचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा, आणि समोरून आपले हेडलाइट. मग ते बोलणं तुटतं. गाडी गावात ठेवा, चालत जा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, फ्लॅश बंद. याच दिवसांत वळवाचा पाऊस आणि विजा असतात, तेव्हा कड्यावर किंवा एकट्या झाडाखाली टेंट अजिबात नको. मी तर म्हणेन काजव्यांसाठी टेंट न्यायचाच नाही. गावात खोली मिळते, गरम पिठलं-भाकरी मिळते.

आणि हो, अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, नाहीतर ठरलेल्या कॅम्पवर किंवा हद्दीबाहेरच्या गावात राहायचं. ताडोबासारख्या ठिकाणी कोअर जुलै ते सप्टेंबर बंदच असतो. बुकिंग करताना साइटवाल्याला सरळ विचारा: ही जागा वनखात्याची की खासगी? परवानगीचा कागद व्हॉट्सअ‍ॅप करा. टाळाटाळ केली तर अ‍ॅडव्हान्स भरू नका.

पुढच्या भागात टेंट विकत घ्यावा की भाड्याने, त्यावर बोलू. तोवर तुमचं जंगल आणि महिना मला कळवा.