एंजिनाच्या श्वासमार्गातील पाकळी



वाहनदुरुस्ती व्यावसायिकांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी थेट विषयाकडे वळतो. कारण कारागिरांची टंचाई, सुट्या भागांच्या किमती, करांचा बोजा या प्रश्नांचा ऊहापोह माझ्या पूर्वाध्यक्षांनी अधिकारवाणीने केलेला आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते डिझेल एंजिनाच्या एका अगदी लहान अवयवाविषयी, रुपयाच्या नाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या एका चकतीविषयी आहे. कारखान्यात तिला स्वर्ल फ्लॅप म्हणतात. झडप हा शब्द आपण व्हॉल्व्हला देऊन चुकलो असल्यामुळे मी तिला आज पाकळी म्हणेन.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत ऐन वेळी इंधनाचा फवारा सोडायचा आणि दोन-तीन सहस्रांश सेकंदांत त्याचा कण न् कण हवेशी एकजीव व्हावा अशी अपेक्षा ठेवायची, हा त्याचा धर्म. आणि हवा जर निश्चल असेल तर थेंबाभोवतीचा प्राणवायू संपताच उरलेले इंधन अर्धवट जळून काजळी होते. म्हणून हवा सिलिंडरात भोवऱ्यासारखी फिरली पाहिजे. सर हॅरी रिकार्डो यांनी १९३१ साली आपल्या ‘कॉमेट’ रचनेत हा भोवरा एका बाजूच्या गोल कक्षात निर्माण केला आणि लंडनच्या बसगाड्यांना त्याचा लाभही झाला. परंतु त्या कक्षाच्या भिंती उष्णता गिळत आणि तेवढे इंधन वाया जाई. १९८९ साली ऑडी १०० टीडीआय आली, त्यानंतरच्या काळात मोटारींमधून तो कक्ष हळूहळू हद्दपार झाला, फवारा थेट पिस्टनच्या खळग्यात पडू लागला, आणि भोवरा देण्याची जबाबदारी हवेच्या प्रवेशमार्गावर आली.

येथे एक खरा पेच आहे. प्रवेशमार्ग शंखासारखा वळवला तर हवा उत्तम फिरते, पण वेग वाढला की तेच वळण तिची वाट अडवते. मार्ग सरळ ठेवला तर वेगात छाती भरून हवा मिळते, पण संथ गतीत भोवरा मरतो. प्रत्येक सिलिंडराला दोन प्रवेशव्हॉल्व्ह आले तेव्हा रचनाकारांनी एक मार्ग शंखाकृती व एक सरळ ठेवला, आणि सरळ मार्गाच्या तोंडाशी ही पाकळी बसवली: संथ गतीत ती मिटते, सारी हवा शंखातून वळसा घेऊन आत शिरते, वेग व भार वाढला की संगणकाच्या हुकुमाने, निर्वात डबीच्या किंवा लहान मोटरच्या द्वारे, ती उघडते. कल्पना म्हणून हे सुंदर आहे, आणि मी ते मनापासून म्हणतो.

मग ती का बिघडते? पहिले कारण तिचा शेजार. निकासातील वायूचा काही अंश ईजीआरमधून परत आत सोडला जातो, त्याबरोबर काजळी येते. क्रँककेसच्या श्वासनळीतून तेलाची वाफ येते. आणि दोहोंचे मिश्रण मॅनिफोल्डच्या भिंतींवर डांबरासारखे साचते. धूर शुद्ध करण्यासाठी योजलेल्या एका उपायाने दुसऱ्याचा गळा आवळावा, हे मला नेहमीच खिन्न करते. दुसरे कारण हवेचे हिसके. दर मिनिटाला २००० फेऱ्या घेणारे एंजिन प्रत्येक सिलिंडरात १००० वेळा श्वास घेते. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटर चालली तर एक लाख किलोमीटरला २५०० तास लागतात, आणि त्या मुदतीत या हिशेबाने प्रत्येक पाकळीने १५ कोटी हिसके सोसलेले असतात. पाकळी ज्या दांडीवर फिरते तिचे भोक झिजते, प्ले येतो, आणि प्ले आला की प्रत्येक हिसका हा ठोका होतो.

पुढचा परिणाम रचनेवर अवलंबून असतो. बीएमडब्ल्यूच्या एम ४७ व एम ५७ एंजिनांच्या काही आवृत्त्यांत धातूची पाकळी बारीक स्क्रूंनी दांडीवर बसवलेली असे; दांडी तुटली किंवा स्क्रू सुटला की तुकड्याला जायला एकच वाट, उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात. फियाट व जनरल मोटर्स यांच्या १.९ लिटर, सोळा व्हॉल्व्हच्या एंजिनात पाकळ्यांना जोडणारी बाहेरची दांडी सांध्यातून निखळते. एंजिन वाचते, जोर जातो. मर्सिडीजच्या ओएम ६४२ मध्ये वरून गळणारे तेल पाकळ्यांच्या मोटरवर पडून मोटर जळते, आणि तेलाची गळती तशीच ठेवून नवी मोटर बसवणारा कारागीर त्याच गाडीला पुन्हा भेटतो.

आता एक कैफियत माझी स्वतःची. काही वर्षांपूर्वी एक चार सिलिंडरची गाडी माझ्याकडे एक सिलिंडर मेलेल्या स्थितीत ओढून आणली. कोणत्या बनावटीची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हेड उतरवले तो पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे घाव, व्हॉल्व्ह वाकलेले, पण तुटलेला एकही नाही. मग तो धातू आला कोठून? मॅनिफोल्ड उघडला: दांड्या चार, पाकळ्या तीन. आणि तोच मॅनिफोल्ड चारच महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हातांनी धुतला होता; दांडी बोटाला हलल्याचे जाणवले होते, आणि मी ‘चालेल’ म्हणून तो परत बसवला होता. मालक शाळामास्तर होते. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते मौन मी आजतागायत विसरलेलो नाही.

पाकळ्या काढून टाकून भोकांना ॲल्युमिनियमच्या चकत्या लावाव्यात, असे आपल्यापैकी पुष्कळांचे मत आहे. मी त्याला सरसकट संमती देत नाही. पाकळी काढली की संथ गतीतला भोवरा मंदावतो. संथ गतीत गाडी ओढताना तिची उणीव काजळीच्या रूपाने मागच्या माणसाच्या फुप्फुसात जाते. पीयूसीचा दाखला मिळतो ही सबब पुरेशी नाही, कारण ती चाचणी गाडी जागेवर उभी करून, भाराविना ॲक्सिलरेटर दाबून घेतली जाते. पाकळीचे काम जेथे असते तेथे ती चाचणी पाहतच नाही. माझी शिफारस अशी की दांडी घट्ट असेल तर साफ करून परत बसवा, प्ले असेल तर मॅनिफोल्ड बदला, आणि तुटण्याबद्दल ख्यात असलेल्या रचनेत मालकाची ऐपत नसेल तेव्हाच, काय गमावले जाते हे त्याला लेखी कळवून, पाकळी काढा. एखादी पाकळी हरवलेली दिसली, तर तिचा शेवटचा तुकडा हाती लागेपर्यंत चावीला हात लावू नका.

आणि दप्तराची एक तजवीज करा. आपल्या जॉबकार्डावर तेलाला रकाना आहे, गाळणीला आहे, दांडीच्या प्लेला नाही. तो रकाना आजपासून घाला; प्रत्येक दांडीची स्थिती, किलोमीटर आणि तारीख त्यात लिहा, म्हणजे पुढच्या खेपेस ती दांडी कोणाच्याही हाती पडली तरी तो तुमच्या बोटांना जाणवलेले वाचू शकेल.

बाहेरच्या मेजावर मी शाळामास्तरांच्या गाडीचा तो मॅनिफोल्ड मांडून ठेवला आहे. दुपारच्या सत्राआधी प्रत्येकाने त्याच्या दांड्या बोटांनी हलवून पाहाव्यात. रिकामी दांडी दुसरी आहे, पण तिसरीही सैल आहे.