एग बेट : सोयी आणि स्वामित्व



स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत एग नावाचे एक चिमुकले बेट आहे. लांबी सुमारे आठ किलोमीटर, रुंदी पाच. वस्ती शंभराच्या आसपास. मॅलेग बंदरातून बोट आली म्हणजे धक्क्यावर लगबग उडते. किराणा, टपाल आणि पाहुणे एकाच बोटीने उतरतात. समुद्र खवळला तर बोट येत नाही. मग घरात असेल त्यावर भागवावे लागते. धक्क्याजवळच दुकान व चहापानगृह आहे. प्राथमिक शाळा बेटावर आहे. पुढील शिक्षणासाठी मात्र मुलांना मॅलेगला जाऊन वसतिगृहात राहावे लागते.

‘अमेनिटी’ या शब्दासाठी आपण ‘सुखसोयी’ असा प्रतिशब्द सहज योजतो. एगची हकिकत मराठीत आणताना मला तो अपुरा वाटला. १९९७ पर्यंत हे संपूर्ण बेट एकामागून एक खाजगी मालकांच्या हाती होते. मालक बदलला की धोरण बदले. अनेक कुटुंबांकडे घराचा वा जमिनीचा भरवशाचा भाडेपट्टाही नव्हता. ज्या घरातून उद्या निघावे लागेल, त्याचे छप्पर आज कोण दुरुस्त करील? बेटाच्या दुरवस्थेचे मूळ दारिद्र्यापेक्षा या अशाश्वतीत अधिक होते.

अखेर रहिवासी, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांनी मिळून एक न्यास स्थापन केला. हजारो लोकांनी देणग्या दिल्या. त्यांतील सर्वांत मोठी देणगी नाव गुप्त ठेवणाऱ्या एका स्त्रीची होती. सुमारे १५ लाख पौंडांना बेट विकत घेतले गेले आणि १२ जून १९९७ रोजी ते न्यासाच्या स्वाधीन झाले. त्या वेळी बेटावर साठ-पासष्टच माणसे उरली होती.

त्यानंतरचे मोठे काम विजेचे. मुख्य भूमीवरून तार आलेली नव्हती. घरोघरी डिझेलची जनित्रे धडधडत. फेब्रुवारी २००८ मध्ये पाणी, वारा आणि सूर्य यांपासून वीज निर्माण करणारी बेटाची स्वतःची योजना सुरू झाली. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅट, व्यवसायाला दहा, अशी मर्यादा आहे. ती ओलांडली की पुरवठा तुटतो. मग तो श्रीमंताचा असो वा गरिबाचा. पाऊसवारा भरपूर झाला आणि वीज शिल्लक उरली, तर ती समाजगृहासारख्या सार्वजनिक वास्तू ऊबदार ठेवण्यासाठी वापरतात.

हे सारे सुरळीत घडले असे कोणी समजू नये. शंभर माणसांच्या गावात मतभेद झाले तरी दुसऱ्या दिवशी त्याच धक्क्यावर एकमेकांसमोर उभे राहावे लागते. परंतु वाद आता आपसांत घालता येतो. दूरच्या मालकाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. बेटावर वाढलेली काही मुले शिकून परतली आहेत आणि त्यांनी तेथे घरे बांधली आहेत. दुकान, शाळा, वीज यांची यादी करताना ही परतलेली माणसेही आपण त्या यादीत धरावीत, एवढीच माझी विनंती आहे.