पटकी आणि जुनें लुगडें



पिण्याचें पाणी गाळून भरण्याची रीत आमच्या घरीं कटाक्षानें पाळली जाई. माझी आई हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचें फडकें बांधी. मी नवा नवा शिक्षक झालों, तेव्हां मोठ्या ऐटीनें तिला सांगितलें, "पटकीचा जंतु मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांनीं मोजावयाचा, तुझ्या फडक्यांतून तो सहज निसटेल." ती कांहीं बोलली नाहीं. फडकें मात्र तसेंच राहिलें.

माझें म्हणणें चूक नव्हतें, पण अपुरें होतें. हा जंतु नेहमींच सुटा हिंडत नाहीं. तळ्यानद्यांत कोपेपॉड नांवाचे बारीक कवचधारी जीव असतात. त्यांच्या अंगास तो मोठ्या संख्येनें चिकटून राहतो. हे जीव जंतूच्या मानानें राक्षसच. ते कापडांत अडकतात. अमेरिकन विदुषी रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें ओळखून बांगलादेशांतील मतलब भागांत ६५ खेड्यांत प्रयोग केला. तेथें जळण महाग, पाणी उकळणें परवडेना. म्हणून सुती साडी निदान चार वेळां दुमडून पाणी गाळावयास बायकांस शिकविलें. साडी जुनीच बरी. धुऊन धुऊन सूत पिंजतें व छिद्रें बारीक होतात. २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पटकी ४८ टक्क्यांनीं घटली.

अर्थात् निम्म्याहून थोडी अधिक उरलीच. सुट्या जंतूंस फडकें अडवीत नाहीं. तेथें उकळी किंवा क्लोरीनच हवें.

तो निष्कर्ष मीं वाचला, तोंवर आई गेली होती. तिला हें सांगावयाचें राहूनच गेलें.