मागे राहिलेल्यांची कथा
(स्वागताध्यक्षीय भाषण)

बेळगाव-निपाणीपासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंतच्या वाटा तुडवत आलेल्या रसिकहो,

करवीरनगरीत आपलं मनापासून स्वागत. माझा धंदा गुळाचा. साहित्यावर माझा हक्क आहे तो वाचकाचा, तेवढाच. स्वागताध्यक्षानं मांडव बघावा, पंगती बघाव्यात आणि भाषण आवरतं घ्यावं, अशी रीत आहे. पहिली दोन कामं कार्यकर्त्यांनी चोख केली आहेत. तिसरं माझ्याकडं आहे.

आवडत्या कथांचं आपल्या श्रद्धेशी, वारशाशी आणि भावनेशी काय नातं असतं, यावर दोन दिवस जाणकार बोलतील. मी फक्त आमच्या गावचा अनुभव सांगतो.

नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. का जाते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. कामाक्ष दैत्यानं देवांची मेंढरं करून टाकली. त्यांना सोडवलं त्र्यंबोलीनं. पण विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि गावाबाहेर टेकडीवर जाऊन बसली. मग करवीरची राणी स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला निघाली. आजही कुमारिकेच्या हस्ते कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं, की पी-ढबाकच्या तालावर तालमी आणि गल्ल्या ते पाणी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, पायरीवर घेऊन जातात.

दैत्य मारल्याच्या कथा गावोगावी आहेत. आमच्या कथेत अंबाबाईकडून एक आमंत्रण राहिलं आणि ते ती दरवर्षी नव्यानं द्यायला जाते. मला वाटतं, कथा लाडकी होते ती इथं. ज्याचं नाव सोहळ्यात घ्यायचं राहिलं, त्याच्या दाराशी ती पुन्हा जाते.

आमच्या जिल्ह्यातल्या लेखकांनी हेच केलं. भाऊसाहेब खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापूरला आले. १९५९ च्या ‘ययाति’त त्यांनी राजाच्या बरोबरीनं देवयानीला आणि शर्मिष्ठेलाही स्वतःची बाजू मांडू दिली. पुढं मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांच्या रूपानं या गावात आलं. आजऱ्याचे शिवाजी सावंत इथल्या राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. कोवाडचे रणजित देसाई गावातच राहून लिहीत. एकानं ‘मृत्युंजय’ लिहिली, दुसऱ्यानं ‘राधेय’. भर सभेत सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला कर्ण एकाच जिल्ह्यातल्या दोघांना हाक मारतो, याला मी योगायोग म्हणत नाही.

एक तारीख इथं मुद्दाम सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहत विद्वानांनी मागाहून शिरलेला मजकूर बाजूला काढला. पुढच्याच वर्षी ‘मृत्युंजय’ आली. तिच्यात कर्णाची पत्नी वृषाली स्वतः बोलते. हे नाव मूळ संहितेत सापडत नाही. तरी ती कादंबरी वाचलेले आमच्या दुकानातले जुने दिवाणजी कवचकुंडलांचा विषय निघाला की इंद्रावर असे संतापायचे, की गिऱ्हाईक दचकायचं. त्यांना मूळ संहिता दाखवली असती तरी त्यांचा राग उतरला नसता, आणि उतरायची गरजही नव्हती. संशोधकानं गाळावं, कादंबरीकारानं घालावं आणि वाचकानं दोन्ही ओळखून घरात ठेवावं. हे तारतम्य सुटलं की कादंबरीतला संवाद इतिहासाचा पुरावा म्हणून फिरू लागतो, आणि संशोधकानं शंका काढली की भावना दुखावतात. कथेवर जीव लावल्यानं तिचा सातबारा आपल्या नावावर होत नाही.

वारशाचंही तेच. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले. बाजीप्रभू आणि पावनखिंड साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. त्याच रात्री महाराजांच्या वेषात पालखीत बसून मरण पत्करणारे, नाभिक समाजातले शिवा काशीद बराच काळ त्या मानानं मागे राहिले. आज पन्हाळ्यावर त्यांचा पुतळा आहे. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चिखलातून चालणारी तरुण मुलं बाजींबरोबर त्यांचंही नाव घेतात. कथा थोडी मोठी झाली, कुणाची लहान झाली नाही.

म्हणून या मांडवातल्या लेखकांकडं एका वाचकाची मागणी आहे. महाराणी ताराबाईंच्या कथा आम्हाला आवडतात, राजर्षी शाहूंच्याही आवडतात. त्यांच्या सोबतीनं ऊसतोडीच्या फडातली बाई, सूतगिरणीतला कामगार, सीमेपलीकडं मराठी शाळा टिकवणारा मास्तर, यांच्याही दाराशी जाऊन या. त्यांची कथा तुम्ही नीट सांगितलीत, तर ती लाडकी करायची जबाबदारी आमची.

मोकळ्या वेळेत १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठातलं खांडेकर स्मृती संग्रहालय जरूर पाहा. पांढरा रस्सा तिखट नसतो, तेव्हा भिऊ नका. काही कमी पडलं तर मला सांगा, आवडलं तर कार्यकर्त्यांना.