हुकूम सुटला, पण पाळला गेला का?

पत्रिकेवर ‘ॲनालॉग आउटपुट’ असा विषय वाचून काही श्रोते आज घरीच थांबले असतील. त्यांना दोष देता येणार नाही. पण साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये ज्यांनी पाळी केली आहे, त्यांचा याच्याशी रोजचा संबंध आहे.

बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी फार उतरलं तर नळ्या जळतात, फार चढलं तर वाफेबरोबर टर्बाइनकडे जातं. पातळी राखतो फीड वॉटरचा, म्हणजे ड्रमला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचा, कंट्रोल व्हॉल्व्ह. तो 60 टक्के उघडावा असं पीएलसी, म्हणजे कारखान्यातला नियंत्रण करणारा संगणक, ठरवतो, पण त्याच्यापाशी असतो नुसता आकडा. त्या आकड्याचा विद्युतप्रवाह करून तारेवर सोडतं ते ॲनालॉग आउटपुट कार्ड. शून्याला 4 मिलीअँपिअर, शंभराला 20. म्हणून 60 टक्क्यांना 13.6. व्हॉल्व्हवरचा पोझिशनर तो वाचून हवेचा दाब देतो आणि दांडा हलतो.

व्होल्टेज का नाही? लांब तारेत ते घटतं. एकाच परिपथातला प्रवाह मात्र सगळीकडे सारखा असतो. परिपथातला एकूण रोध कार्डाच्या मर्यादेत हवा, इतकंच. आणि सुरुवात 4 पासून, कारण मग शून्य मिलीअँपिअर हा साधा हुकूम उरत नाही; ती बिघाडाची खूण ठरते, जसं की तार तुटली. विजेच्या सिग्नलआधी हेच काम 3 ते 15 पीएसआय हवेवर चालायचं. तिथेही प्रमाण एकास पाचच. जुनी खोड सहजी जात नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. पीएलसी बंद पडला तर व्हॉल्व्हने काय करायचं? कार्डाला सांगून ठेवता येतं: शेवटचा प्रवाह धर, शून्यावर जा, किंवा ठरलेल्या आकड्यावर जा. पण कार्डाचीच वीज गेली, तार तुटली किंवा हवा संपली, तर निकाल व्हॉल्व्हची स्प्रिंग देते. इंधनाचा व्हॉल्व्ह अशा वेळी मिटलाच पाहिजे. फीड वॉटरचा बहुधा उघडा ठेवतात, कारण कोरडा ड्रम जास्त घातक. कार्डाला दिलेली सूचना आणि स्प्रिंगची दिशा हे दोन निर्णय एकमेकांशी जुळलेले असावेत. अनेकदा कार्डाची मांडणी कंपनीतून आली तशीच राहते. ही मला सरळ बेपर्वाई वाटते.

त्याहून मोठी चूक म्हणजे सोडलेला हुकूम पाळला गेला असं धरून चालणं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 च्या पहाटे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला आणि तसाच अडकला. तो ॲनालॉग नव्हता, नुसता उघड-मीट करणारा होता. पण धडा तोच. नियंत्रण कक्षातला दिवा विझला. तो दिवा दाखवत होता फक्त व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सोलेनॉइडची, म्हणजे विद्युतचुंबकाची, वीज तुटल्याचं; व्हॉल्व्ह मिटल्याचं नव्हे. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीचं पाणी बाहेर जात राहिलं आणि गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

आजचं चांगलं कार्ड तार तुटल्याचं सांगतं, पण दांडा हलला की नाही हे त्याला कळत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हची जागा सांगणारा वेगळा सिग्नल परत आणावा लागतो, किंवा हार्ट नावाच्या डिजिटल संदेशपद्धतीसारख्या पद्धतीने त्याच दोन तारांवरून ती विचारावी लागते. खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागते.

तेव्हा कारखान्यातल्या मंडळींना एक विनंती. गाळप सुरू होण्याआधी, बॉयलर थंड असताना, एकदा कार्डाकडून व्हॉल्व्हकडे जाणारी तार सोडवा आणि व्हॉल्व्ह कुठे जाऊन थांबतो ते व्हॉल्व्हपाशी उभं राहून बघा.