लिहिणाराचें घर

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण)



वाचनालयाच्या चालकांनीं आम्हांस ‘लेखक’ म्हणून येथें बोलाविलें, तेव्हां आम्हांस थोडें हसूं आलें. आम्ही पडलों खेड्यांतले शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत असतांना निबंध लिहिण्याची खोड लागली, ती आजवर सुटली नाहीं. वर्तमानपत्रांत कांहीं लेख आले, आणि पदरमोड करून एक लहानसें पुस्तक छापलें. त्याच्या पांचशें प्रतींपैकीं कांहीं खपल्या, कांहीं वाळवीनें खाल्ल्या आणि उरलेल्या वाण्याकडे वजनावर गेल्या. तेव्हां ग्रंथकार म्हणून उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण कष्टकऱ्याच्या घरांत एक जण लिहूं लागला म्हणजे त्या घराचें काय होतें, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. तेंच आज सांगतों.

लोकांस वाटतें, लिहिणें हें फुकटचें काम. कागद आणि शाई आणली कीं झालें. पण रात्रीं आमच्यापुढें चिमणी जळे, तिचें तेल कोणाच्या वांट्याचें होतें? आम्ही लिहावयास बसलों म्हणजे बैलांस वैरण कोण टाकी? रडतें पोर उचलून अंगणांत कोण नेई? हें सारें आमचें कुटुंब करी. लेखाखालीं नांव मात्र आमचें एकट्याचें.

एका वर्षीं पाऊस दगा देऊन गेला आणि आम्हांस एक बैल विकावा लागला. त्या रात्रीं जात्यापाशीं बसून आमचें कुटुंब म्हणालें, “बैल गेला की गोठा गप हुतो, पर रिकामं दावं रोज डोळ्याम्होरं येतं.” तें वाक्य आमच्या मनांत असें रुतलें कीं शेतकऱ्याच्या कर्जावर लेख लिहितांना आम्हीं त्याचीच सुरुवात केली. विकलेल्या बैलाची हकीकतही घातली, किंमतीसकट. लेख छापून आला. चावडीवर मोठ्यानें वाचला गेला. “मास्तर, काय वाक्य लिहिलंत!” असें चार लोक म्हणाले, आणि आम्हीं तें निमूट ऐकून घेतलें. खोटें कशाला सांगावें, छाती फुगली.

आठ दिवसांनीं आमचे मेहुणे तणतणत आले. “बैल इकायची पाळी आली, तर भनीच्या घरचं आमाला आदी सांगायचं, का छापखान्याला?” त्यांच्या गांवींही तें पत्र जात होतें. अशा रीतीनें आमच्या कुटुंबास स्वतःचेंच वाक्य भावाच्या तोंडून ऐकावयास मिळालें. मेहुणे गेल्यावर ती म्हणाली, “लिवलं त्याचं कायबी न्हाई. पर समद्या गावाच्या पोरांस्नी तुमी लिवाय शिकिवता. माझ्या बोलण्याचा कागद मला वाचून दावायचं सुचलं न्हाई का?”

बंधूंनो, लग्नाला त्या वेळीं पंधरा वर्षें झालीं होतीं. स्त्रीशिक्षणावर आमचे तीन लेख छापून आले होते. आणि आमच्या घरांत बाईला ‘ग’ कीं ‘म’ हें ओळखतां येत नव्हतें.

जोतीराव फुल्यांचें नांव आम्ही सभांतून फार घेतों. त्यांच्या घरांत काय घडलें तें पाहा. त्यांनीं सावित्रीबाईंस शिकविलें, आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा निघाली, हें सर्वांस माहीत आहे. पण सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ सालचा, आणि जोतीरावांचें ‘तृतीय रत्न’ हें नाटक त्याच्या पुढच्या वर्षींचें. म्हणजे त्या घरांत बायकोची लेखणी नवऱ्याच्या मागून आली नाहीं. पुढें १८८८ सालीं जोतीरावांस अर्धांगवायु झाला, उजवा हात गेला. तरी डाव्या हातानें त्यांनीं ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. १८९० सालीं ते वारले आणि पुस्तक १८९१ सालीं बाहेर आलें. अशा आजारी माणसाच्या उशाशीं दौत कोणीं धरली असेल, पानें कोणीं सारखीं केलीं असतील, याची नोंद आमच्या वाचनांत नाहीं. पण घर चालविणारास तें सांगावें लागत नाहीं.

दुसरें घर जळगांवचें. बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. दळतांना, शेतांत राबतांना त्या ओव्या रचीत, आणि मुलगा सोपानदेव व घरांतील नातलग त्या कागदावर उतरून घेत. सोपानदेव स्वतः कवि होते. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या आणि १९५२ सालीं गाणीं छापलीं गेलीं, तीं आईच्याच नांवानें. हें वाचलें तेव्हां आम्हांस आमचें ‘दावें’ आठवलें आणि कान तापले.

मग आम्हीं काय केलें? पाटी आणून कुटुंबास शिकवावयास बसलों. तीन दिवसांत भांडण झालें. मास्तरकीचा आमचा आवाज घरांत चालेना. चुकलें कीं आम्ही खेंकसत असूं. शेवटीं आमची नऊ वर्षांची मुलगी पुढें झाली. मायलेकी चुलीपुढें राखेंत अक्षरें गिरवीत, आणि आम्ही बाहेर ओट्यावर गप्प बसून ऐकत असूं. मास्तर मंडळी येथें असतील त्यांनीं रागावूं नये, पण ती पोर आमच्यापेक्षां चांगली पंतोजी निघाली.

वर्षभरानें एके दिवशीं वाण्याकडून मिरचीची पुडी आली. कुटुंबानें कागद सरळ करून एकेक अक्षर लावीत वाचला आणि विचारलें, “हे तुमचंच पुस्तक न्हवं?” होतें आमचेंच! तिनें स्वतः वाचलेलें आमचें पहिलें पान तें, मिरचीच्या वासाचें. वाचून झाल्यावर म्हणाली, “एवढं लांबण कशापाई लावलंया?”

तेव्हांपासून कोणताही मजकूर टपालांत टाकण्यापूर्वीं आम्ही तो घरांत मोठ्यानें वाचतों. जेथें तिला जांभई येते, तेथें आम्ही खूण करतों. घरची गोष्ट असेल तर ती “ऱ्हाऊ द्या” म्हणाली कीं राहते. यानें दोन बरे लेख आमच्या हातचे गेले, त्याची हळहळ अजून वाटते, पण ते गेले.

आतां एक शेवटची गोष्ट. बाजाराच्या दिवशीं मापांत होणाऱ्या लबाडीविषयीं तिनें स्वतः दोन पानें लिहिलीं आहेत. ऱ्हस्वदीर्घ चुकलें आहे, तें आम्हीं सुधारलें. बाकी शब्द तिचे. दोन महिने तो कागद आमच्या पेटींत पडला आहे, कारण बहिणीचें नांव छापून येणें मेहुण्यांस पसंत नाहीं. आमचें नांव घालूं काय, असेंही ते सुचवून गेले. काल रात्रीं आम्हीं तिलाच विचारलें. पोळपाटावरचें पीठ झटकीत ती म्हणाली, “माझं घाला. सासरचं.”

उद्यां टपाल जातें, त्यांत तो कागद पाठवितों.