पत्राचा मायना आणि आजचा ई-मेल
(संघाच्या वार्षिक संमेलनात शिष्यवृत्ती समितीतर्फे केलेले भाषण)



समितीच्या कार्याचा अहवाल चिटणीस वाचतीलच. आम्ही येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहोत.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही प्रथमच ई-मेलने मागविले. मुदतीच्या अखेरच्या दिवशी एक ई-मेल आला. विषयाची जागा रिकामी, मजकूर नाही, खाली नाव नाही. 'डॉक्युमेंट १' या नावाची एक फाइल तेवढी जोडलेली. पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरूनही नावाचा बोध होईना. कोणाचा तरी खोडसाळपणा असावा, अशा समजुतीने आम्ही ती फाइल उघडली नाही. निवड जाहीर झाल्यावर एक माउली भेटीस आली व मुलाच्या अर्जाचे काय झाले, असे तिने विचारले. तेव्हा फाइल उघडली. अर्ज परिपूर्ण होता, गुणही उत्तम होते. परंतु रक्कम वाटून झाली होती. त्या घराला कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी उसनवारी करून भरावी लागली.

प्रथम आम्ही मुलालाच बोल लावला. मागाहून ध्यानी आले की, जे आम्ही कधी शिकविले नाही, त्याची परीक्षा मात्र आम्ही घेतली! आमच्या पिढीला पत्राचा मायना घरीच मिळाला. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', 'वि. वि.' म्हणून आरंभ आणि 'कळावे' म्हणून शेवट, हे वडीलमाणसे पोस्टकार्डावर लिहवून घेत. आजच्या मुलांच्या हाती आधी मोबाइल आला. मित्रांच्या गप्पांत नमस्कार लागत नाही की सही लागत नाही. तीच सवय त्यांच्याबरोबर कचेरीच्या दारापर्यंत जाते.

म्हणून गेल्या वर्षापासून दर रविवारी आम्ही ई-मेल लेखनाचा वर्ग चालवितो. पद्धत साधी आहे. प्रत्येकाने अर्ज लिहून शेजाऱ्यास द्यावयाचा. शेजाऱ्याने तो एकदाच वाचून सांगावयाचे की, लिहिणारा कोण, त्यास काय हवे आणि केव्हापर्यंत. उत्तर अडले की पत्र पुन्हा लिहावयाचे. विषयाच्या जागी 'मदत' असे न लिहिता 'शिष्यवृत्ती अर्ज', पुढे स्वतःचे नाव व वर्ग लिहावा. फाइलीसही आपलेच नाव द्यावे. शेवटी दूरध्वनी क्रमांक असावा. मजकूर तपासून झाल्यावरच पत्ता घालावा, म्हणजे अर्धवट पत्र चुकून सुटत नाही. 'सीसी' म्हणजे 'कार्बन कॉपी', हे ऐकून टंकलेखन यंत्रात कार्बन कागद घालून प्रती काढलेल्या आमच्यातील वृद्धांस जुना स्नेही भेटल्याचा आनंद झाला.

इंग्रजी कच्चे असल्यास काय करावे, असे एका मुलीने विचारले. वाचणारा मराठी जाणत असेल तर शुद्ध मराठीत लिहावे. इंग्रजी आवश्यकच असेल तर वाक्ये लहान ठेवावीत. आता संगणकच पत्र रचून देतो, असेही काही जण म्हणतात. तशी एक डौलदार रचना आमच्याकडे आली. पण सहीच्या जागी 'येथे आपले नाव लिहा' हे शब्द तसेच राहिले होते! यंत्राची मदत जरूर घ्यावी, परंतु पत्राखाली सही आपली असते याचे भान ठेवावे.

आम्हीही एक नियम स्वतःस घालून घेतला आहे. प्रत्येक अर्जाची पोच दोन दिवसांत द्यावयाची, आणि ई-मेल निनावी असल्यास 'आपण कोण?' असे उलट विचारल्यावाचून तो बाजूस सारावयाचा नाही. पत्रातील सौजन्य हे लिहिणाऱ्याइतकेच वाचणाऱ्याचेही कर्तव्य होय.

त्या मुलास पुढील वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. आज तो आमच्या वर्गात लहानांस शिकवितो. त्याच्या घरची ती उसनवारी मात्र आम्हांस टाळता आली नाही, याची खंत आहे. म्हणून पालकांस हात जोडून विनंती की, मुलाचा पहिला अर्ज जाण्यापूर्वी घटकाभर त्याच्याशेजारी बसावे. संगणक येत नसला तरी मायना आपणांस येतो.